पांढऱ्या राखेचा उतार

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग रियाधला झालं, असं मी सांगतो. खरं तर ती एका टूर कंपनीतली सेफ्टी इनचार्जची नोकरी होती. सैन्यात सतरा वर्षं काढली, त्यातली सहा बर्फात. हवालदार म्हणून बाहेर पडलो. सौदीतल्या खैबरच्या लाव्हाच्या पठारावर एक पांढरा, विझलेला ज्वालामुखी आहे. स्की पाठीला बांधून तो चढायचा आणि राखेवरून स्कीवर उतरायचं, हे आमचं काम. सीझन मार्चअखेर संपतो. ही खेप मेच्या शेवटच्या आठवड्यातली.

सोबत नाईक दत्ताराम शिंदे, माझ्याच पलटणीतला. तीन महिन्यांपूर्वी मीच त्याला बोलावून घेतलं होतं. ग्राहक एकच, रियाधमधल्या बँकेतले देसाई. दुसऱ्या गाडीवर अब्बासभाई, मूळचे रत्नागिरीचे, बावीस वर्षं सौदीत. टायर बदलला की म्हणायचे, 'खलास'. जेवण वाढलं, 'खलास'. म्हणजे काम झालं.

०५२० ला चढाई सुरू केली. अर्ध्या वाटेवर दहा लिटरचा राखीव कॅन ठेवला.

"शिंदे, बर्फाशिवाय स्की! बायकोला पटेना," देसाई म्हणाले.

"पडू नका, साहेब. शेकायला ऊन आहे, लावायला बर्फ नाही."

०८१० ला उतरताना देसाई पडले. नडगी मोडली. दोघांना त्यांना खाली नेणं शक्य नव्हतं. फोनला रेंज नव्हती. आम्ही त्यांना एका खडकाच्या सावलीत ओढलं.

"मी थांबतो, उस्ताद," शिंदे म्हणाला. "तुम्ही पळा."

"पाणी कमी पडलं तर कॅन आण."

अब्बासभाईंचे गुडघे गेलेले, ते वायरलेस घेऊन पायथ्याशी राहिले, शिंदेच्या वॉकीटॉकीवरचा निरोप मला पोचवायला. मी गाडीने अठरा किलोमीटरवर डांबरी रस्ता गाठला, तिथे रेंज मिळाली. ॲम्ब्युलन्स यायला दोन तास होते. त्यांना वाट दाखवायची, की पाणी घेऊन परत फिरायचं, हे मला ठरवायचं होतं. १०३५ ला गाडीतल्या सेटवरून अब्बासभाईंना विचारलं.

"शिंदेकडे पाण्याचं काय? ओव्हर."

"पाणी खलास, असं बोलला."

"रॉजर."

पलटणीत असतो तर 'से अगेन' म्हटलं असतं. मी अर्थ लावला, कॅन आणला, काम झालं. मी रस्त्यावरच थांबलो.

पण शब्द शिंदेचा होता. तीन महिन्यांत त्याची मराठी बदलली नव्हती. उन्हाने कॅन तडकला होता आणि सगळं पाणी राखेत गेलं होतं. अब्बासभाईंनीही तोच अर्थ घेतला. ते त्याला "ठीक आहे" म्हणाले. देसाईंनी नंतर सांगितलं, ते ऐकून शिंदे म्हणाला, "येतंय पाणी." आणि बाटलीतलं उरलेलं त्यांना पाजलं. स्वतःचा शर्ट काढून त्यांच्यावर धरला.

१३४० ला आम्ही पोचलो. देसाई शुद्धीवर होते. शिंदे बसलेलाच होता. मी कॅप उघडून बाटली त्याच्या ओठांना लावली. जबडा उघडला नाही.

देसाई आता काठीशिवाय चालतात. अब्बासभाईंनी गाडी सोडली.

शवपेटीबरोबर मी सातारा जिल्ह्यात त्याच्या गावी गेलो. अंत्यविधी झाल्यावर त्याच्या आईने मला जवळ बसवलं.

"शेवटी तोंडात पाणी कुणी घातलं, बाबा?"

"मी, आई."

"प्याला?"

"हो," मी म्हणालो.