गवताला हात

मैदानात पाय टाकण्याआधी तो म्हातारा वाकून गवताला हात लावायचा. इथं अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीच्या पार्कात शनिवारी सकाळी फिरायला येत असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. मला वाटलं, नमस्कार करतो. म्हटलं, माणूस आपल्यातला दिसतो. एकदा विचारलंच. तर म्हणाला, "नो, नो. ओलं आहे का बघतो. ओल्यावर बॉल पळतो."

हंगेरीचा होता. आमच्या शेजारच्या घरात एकटाच राहायचा. मी चौथी शिकलेली, माझं इंग्रजी मोडकं. त्याचंही, इतकी वर्षं इथं काढून, तसंच. म्हणून आमचं जमलं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण माझी नातवंडं म्हणतात म्हणून तोही मला "आजी" म्हणायचा.

तरुणपणी तो तिकडच्या एका क्लबातून फुटबॉल खेळायचा. टीम परदेशात सामन्याला गेली, तेव्हा हा पहाटे पिशवी उचलून हॉटेलातून निघाला, तो परत गेलाच नाही. त्या काळी त्यांच्या देशातून सरळ मार्गाने बाहेर पडता येत नव्हतं. अमेरिकेत आला, चार-पाच वर्षं चांगला खेळला. मग इथली टीमच बंद पडली. मग हॉलमधल्या कडक फरशीवरचे सामने, मग गुडघा गेला, मग शाळेच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारायचं काम. म्हातारपणी आमच्या पार्कातल्या रेघाही तोच मारायचा. दोरी ताणल्याशिवाय रेघ मारायचा नाही. मी म्हटलं, "थोडी वाकडी गेली तर पोरांना काय कळतंय?"

"आजी, बॉलला कळतं."

एकदा मी लसणाची चटणी द्यायला गेले, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातला एक जुना फोटो दाखवला. टीम उभी आहे. कडेला गोलकीपर. त्याने हात बाजूला टाकलाय आणि हाताखाली कोणीच नाही.

"हिअर, मी," तो म्हणाला. पळून गेला म्हणून क्लबने त्याला फोटोतून खोडून टाकलं होतं. तसाच फोटो क्लबच्या भिंतीवर अजून लावलेला होता.

मी म्हटलं, "त्यात काय? मी इकडं मुलाकडे आले, तर दिराने माझं नाव रेशनकार्डावरून कमी केलं."

तो खूप हसला. मग विचारलं, "परत घातलं?"

"नाही."

त्याने फोटो घडी घालून परत ठेवला.

दर वर्षी तो क्लबला पत्र लिहायचा. त्याला मान नको होता, हार नको होता. त्या हाताखाली आपला खांदा हवा होता, एवढंच. गेल्या वर्षी उत्तर आलं. त्या गोलकीपरने अख्खा फोटो घरात लपवून ठेवला होता. आता तो भिंतीवर लावणार होते. याला बोलावलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, विमान नको. त्याची मुलगी लांब फ्रिस्को गावी राहायची, ती जायचं नाही म्हणून फोनवर ओरडली. तो माझ्या दारात आला. "आजी, जाऊ?"

"हृदय जपून काय लोणच्यात घालायचंय? जा."

गेला. तिकडून फोनवर फोटो पाठवला. भिंतीवर पुरे अकरा जण. खाली हा, पांढऱ्या केसांचा, आणि शेजारी काठी धरलेला गोलकीपर. त्याचा दुसरा हात याच्या खांद्यावर.

चार दिवसांनी तो तिथेच वारला.

मुलगी घर रिकामं करायला आली. कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "यू टोल्ड हिम टू गो."

"येस," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? खरं तेच होतं. त्याने पुन्हा विचारलं असतं, तर पुन्हा तेच सांगितलं असतं. ती पाठ फिरवून आत गेली. तिच्या जागी मीही गेले असते.

शनिवारी पार्कात गेले. रेघा कोणीतरी मारल्या होत्या. कोपऱ्याजवळ वाकड्या. माझी कंबर धरते, तरी वाकले आणि गवताला हात टेकला.

सून मागून म्हणाली, "आई, इथं कोणाच्या पाया पडताय?"

"पाया नाही पडत गं. ओलं आहे का बघते."

ओलं होतं.