ट्राउट कुठे मिळेल, ते सुनेत्राला विचारा

सुनेत्रा चौबळ मासे खात नाही. माहेरची ती गर्गे, सोलापूरची. तिथं तिनं मासा पाहिला तो विहिरीतला, तोही वरून वाकून. लग्न झालं ते पेणच्या उल्हास चौबळशी, म्हणजे ज्यांच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग तळलेली मांदेली विचारायची पद्धत, अशा घरात. अमेरिकेत आल्यावर दोघांनी तह केला. श्रूजबरीच्या घराच्या गॅरेजमध्ये एक वेगळी शेगडी आली. उल्हासनं तिथं हवं ते तळावं आणि भांडी आपली आपण घासावीत. त्यांच्या संसारात बरंच काही बदललं, हा तह मात्र टिकला.

उल्हास वूस्टरच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता, ती शाळेत गणित शिकवायची. हॉस्पिटलातल्याच वॉल्टर नावाच्या सर्जननं उल्हासला ट्राउटचा, म्हणजे थंड डोंगरी पाण्यातल्या माशाचा, नाद लावला. खाडीत गळ टाकून बसण्यापेक्षा हे काम वेगळं. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती वाहत्या पाण्यावर अलगद उतरवायची आणि मासा फसतो का बघायचं. उल्हास त्यात पुरता बुडाला. उन्हाळ्यातला शनिवार उजाडला की तो न्यू हॅम्पशरच्या डोंगरांत गेलेला असायचा. सुनेत्रा सुरुवातीला दोनदा बरोबर गेली. जूनमध्ये तिथं बारीक काळ्या माश्या चावतात. तिचा एक कान सुजून पुरीसारखा झाला आणि तिनं पुन्हा नाव काढलं नाही. तिला शनिवार एकटीचा मिळत होता, तोही तिला नको होता असं नाही.

निवृत्त झाल्यावर उल्हास जास्तच जाईल, हे तिनं गृहीत धरलं होतं. पण दुसऱ्याच वर्षी, एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "ही दाराची चौकट वाकलीय का गं?"

सुनेत्रानं कागदावर पट्टीनं एक रेघ काढली आणि त्याच्यासमोर धरली. "ही सरळ आहे?"

"नाही. मध्ये पोट आलंय तिला."

डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. डोळ्यात इंजेक्शनं घेत राहायची. असलेली नजर बहुधा टिकेल, गेलेली येणार नाही. गाडी चालवायची नाही. उल्हासला कडेकडेचं दिसायचं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं.

तो हिवाळा त्यानं फार शहाण्यासारखा काढला. वेळेवर जेवला, रेडिओ ऐकला, कशावरूनही भांडला नाही. सुनेत्राला काळजी वाटली ती त्या शहाणपणाचीच. सिएटलहून मुलगी अनया फोनवर म्हणाली, "आई, बाबा इज सो क्वाएट. त्याला कुठेतरी घेऊन जा ना."

"कुठे?"

"जिथे तो नेहमी जायचा, तिथे."

"मी हायवेवर ड्राइव्ह करत नाही, तुला माहितीये."

"देन स्टार्ट."

सुनेत्रानं आधी सोपी वाट काढली. गावाजवळ एक तळं होतं. वसंतात तिथं टँकरनं ट्राउट आणून सोडतात. गाडी थेट काठाशी जाते, शेजारी स्वच्छतागृह आहे. उल्हासनं तिथं गळ टाकला आणि बघता बघता मासा लागला. त्यानं तो सोडून दिला आणि काठी मिटली.

"काय झालं?"

"हे परवा ट्रकमधून उतरलेत. ह्यांना पकडणं म्हणजे फ्रिजमधून काढणं. घरी चल."

गाडीचं दार त्यानं आपटून लावलं. निदान तो चिडला तरी, याचं सुनेत्राला बरं वाटलं.

मग मे महिन्यात ती उत्तरेला निघाली. उजव्या लेनमधून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, मागच्या ट्रककडे आरशात न बघता. उल्हास शेजारी बसून पाठ असलेला रस्ता सांगत होता. एका ठिकाणी त्याच्या आठवणीतला पेट्रोल पंप केव्हाच बंद झालेला होता, त्यामुळे वळण चुकलं आणि दोघं भांडले. न्यू हॅम्पशरमधल्या कँकमॅगसच्या रस्त्यावर झाडी दाटली, बाजूनं स्विफ्ट नदी दिसू लागली आणि त्यानं काच खाली केली.

"थांबव. आवाज ऐकलास? इथं पाणी दगडावरून उतरून खोल जातं. पुढे संथ असणार. मासा त्या दोहोंच्या सांध्यावर बसतो."

पाणी होतं खरंच तसंच. उल्हास गुडघाभर पाण्यात उभा राहिला, हात सवयीनं फिरला, पण माशी कुठं पडली ते त्याला दिसेना.

"कुठे आहे?"

"त्या काळ्या दगडाच्या अलीकडे."

"काळा दगड मला दिसत नाहीये, सुनेत्रा."

ती बूट काढून पाण्यात उतरली. पाणी इतकं गार होतं की तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिनं मागून त्याचा कोपर धरला आणि दगडाकडे वळवला, वर्गात एखाद्याचा हात धरून कर्कटक फिरवायला शिकवावं तसा. संध्याकाळपर्यंत एक लहानसा मासा लागला. उल्हासनं हात ओले करून तो सोडवला. कोरड्या हातानं धरलं तर ट्राउटच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो मरतो, हे त्यानं तिला सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलंच नव्हतं.

उन्हाळाभर ते जात राहिले. ऑगस्टमध्ये उल्हासनं वरच्या तळ्याचा विषय काढला. फ्रँकोनियाच्या खिंडीवर, डोंगरात, चालतच जावं लागतं असं एक तळं त्याचं सगळ्यात लाडकं होतं. "तिथं गर्दी नसते. बाजूला आरशासारखं पाणी, वर कडा. एकदा जाऊ."

"वाट कशी आहे?"

"चांगली आहे."

वाट चांगली नव्हती. झाडांची मुळं आडवी पसरलेली, मधूनच ओला खडक. सुनेत्रा पुढे चालत होती आणि मागे न बघता सांगत होती, "मूळ. दगड. परत मूळ. इथं पाणी." उल्हास तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून येत होता. अर्ध्यावर तिनं विचारलं, परतायचं का? तो नाही म्हणाला.

तळं होतं मात्र त्यानं सांगितलं तसंच. तिनं त्याला एका सपाट खडकावर बसवलं. ऊन पाण्यावरून थेट तोंडावर येत होतं. उल्हासनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, डोळ्यांवर हात धरला.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"पांढरं. सगळंच पांढरं आहे."

त्यानं काठी जोडलीच नाही. दोघांनी डब्यातली थालीपिठं खाल्ली. मग तो म्हणाला, "चल, उतरू या."

उतरताना तो घसरला आणि घोटा मुरगळला. मागून येणाऱ्या दोन कॉलेजच्या मुलींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. त्यातली एक सारखी "यू आर डूइंग ग्रेट" म्हणत होती. उल्हास तिला प्रत्येक वेळी थँक यू म्हणत होता. गाडीत बसल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले आणि घरापर्यंत उघडले नाहीत. वरच्या तळ्याचं नाव त्या घरात परत निघालं नाही.

घोटा बरा व्हायला सप्टेंबर संपत आला. कुठं जायचं असं त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "तू ठरव. मला काय." म्हणून मग तिनं ठरवलं. नदी हवी, तळं नको, कारण नदी ऐकू येते. ऊन पाठीमागून यायला हवं. गाडीपासून पाण्यापर्यंत वाट वाळूची हवी. अशी एक जागा तिला अखेर सापडली ती डोंगरात नाही, घरापासून फार लांब नसलेल्या एका जुन्या पुलाखाली. लोक वरून गाड्या पळवत जातात, खाली कुणी बघत नाही.

पहिल्या दिवशी उल्हास गाडीतून उतरला नाही. त्याच्या मते पुलाखाली मासा नसतो, भंगार असतं. सुनेत्रानं त्याची काठी घेतली. मासेमारीचं लायसन्स तिनं आदल्या दिवशी स्वतःच्या नावानं काढलं होतं. ते त्याला सांगितलं नव्हतं. दोरा झाडात अडकला, मग तिच्याच स्वेटरमध्ये अडकला. तिनं तो सोडवला आणि पुन्हा टाकला. केव्हातरी काठीला असा हिसका बसला की ती ओरडलीच.

"काठी वर धर!" गाडीच्या खिडकीतून आवाज आला. "ओढू नको! त्याला पळू दे!"

तिनं हात ओले करून मासा धरला तोवर उल्हास दगड चाचपत काठाला येऊन पोचला होता. मासा तिच्या तळव्यात फडफडत होता. मासा असा जिवंत, हातात, तिनं आयुष्यात प्रथमच धरला होता, आणि तिला किळस आली नाही. याचं तिला थोडं नवल वाटलं.

"कसा आहे?" त्यानं विचारलं.

"पाठ हिरवी. त्यावर वाळवी लागल्यासारखी नक्षी. अंगावर लाल ठिपके आहेत, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं कडं."

"पंखांना पांढरी कड?"

"आहे."

"ब्रूक ट्राउट," तो म्हणाला. "इथलाच, टँकरमधला नाही. आता पाण्यात धर. घाई करू नको, तो आपला आपण जाईल."

तो गेला. उल्हासनं हात पुढे केला आणि काठी मागून घेतली.

याला आता तीन वर्षं होतील. एक डोळा आणखी अधू झाला, दुसरा टिकून आहे. मराठी मंडळात कुणाकडे भारतातून पाहुणे आले की ट्राउटच्या जागेसाठी फोन हल्ली सुनेत्राला येतो. गेल्या जूनमध्ये मंडळातल्याच वैदेहीचा आला. तिचे सासरे आले होते, त्यांना डोंगरातलं तळं दाखवायचं होतं.

"सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत?" सुनेत्रानं विचारलं.

"सो सो, काकू."

"मग तळं राहू दे. कँकमॅगसच्या रस्त्यानं जा, गाडीतून उतरलं की नदी आहे. काळ्या माश्यांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. आणि खुर्ची न्या."

"खुर्ची कशाला?" उल्हास मागून म्हणाला. "उभं राहून टाकायचं असतं."

दोन दिवसांनी वैदेहीचा परत फोन आला. मासा एकही लागला नव्हता. सासरे दुपारभर खुर्चीत बसून पाय पाण्यात सोडून होते, आणि पुन्हा तिथंच जायचं म्हणत होते.

"मासा लागला नाही आणि म्हणे पुन्हा तिथंच!" उल्हास म्हणाला. "गळ कुठे टाकला होता ते तरी विचार तिला."

सुनेत्रानं विचारलं, आणि फोन स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर ठेवला.