चिरकानची चौदा वळणं

चिरकान नदीची चौदाही वळणं माझ्या मामाला, प्रोकोपीला, तोंडपाठ. आठवीत मी निवासी शाळेतून पळून आले ती थेट त्याच्या बोटीत. शाळेतलं सगळं विसरले. मामानं सांगितलेलं एकही वळण विसरले नाही.

आमच्या घरात एक नेम आहे. नदीनं जिथं आपलं माणूस नेलं, त्या वळणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की ती त्याच घरातलं आणखी एक मागते.

बारा वर्षांमागं नकाशावाले आले. मामा गावापासून वर एकेक नाव सांगत गेला, ते विमानातून काढलेल्या फोटोवर ओळीनं लिहीत गेले.

"काका, एवढी वळणं? हिला जायचंय तरी कुठं?"

"तुझ्यासारख्यांना चुकवत चाललीय," मामा म्हणाला.

सगळे हसले. पाचवं वळण आलं. तिथं आजोबा बुडालेले. मामा गप्प बसून चहा प्यायला आणि सहाव्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते पाचव्यावर लिहिलं. तिथून प्रत्येक नाव एक वळण खाली सरकलं. शेवटचं उरलं, त्यांना वाटलं त्याला नावच नसेल. आम्ही कुठं नकाशे बघतो? कुणाला कळलंच नाही.

गेल्या थंडीच्या तोंडावर मामाचा मुलगा गेरा एकटाच मासे धरायला वर गेला. बोट खडकावर आपटली, पाय मोडला. वायरलेसवर त्यानं नवव्या वळणाचं नाव सांगितलं. नकाशात ते नाव आठव्यावर. मधे तीस किलोमीटर. हेलिकॉप्टर आठव्यावर घिरट्या घालून परत गेलं. मग दोन दिवस धुकं. आम्ही बर्फ फोडत बोटीनं पोचलो तेव्हा गेरा झाडाला टेकून बसल्या जागी गोठलेला. पुढ्यात तीन विझलेल्या शेकोट्या, वरून दिसाव्यात म्हणून.

पायलटनं नकाशा दाखवला तेव्हा मामाला उमगलं.

बर्फ वितळल्यावर नकाशा दुरुस्त करायला एक बाई आली. पाचव्याला मामा थांबला.

"रिकामं ठेवा ना!" मी बाईवर ओरडले. "तुमच्या बापाचं काय जातंय?"

"गप, पोरी. उद्या तिथं कुणी अडकला तर काय सांगेल? रिकाम्या जागी या?"

आणि त्यानं नाव घेतलं. मोठ्यानं. मग नवव्याचंही. मी कान झाकले. ती दोन्ही नावं मी इथंही लिहिणार नाही, कुणी काहीही म्हणो.

त्या दिवसापासून मामा मला नदीवर जाऊ देत नाही. बोट त्यानं उलटी करून ठेवलीय. म्हणतो, "घरात आता तू एकटीच उरलीस."

नवा नकाशा परवा आला. मामानं नवव्या वळणावर बोट टेकवलं.

"आता किती वेळात पोचेल हेलिकॉप्टर?"

"चाळीस मिनिटं," मी सांगितलं.

नकाशा घेऊन तो काठावर जाऊन बसला, मान वर करून. चाळीस मिनिटं झाली. तो उठला नाही.