माळ काढून बोलणारे काका

"थांबा गड्या, माळ काढू द्या."

आमच्या भाजीबाजारातले काका रोज सकाळी हर्रास सुरू करण्याआधी हे वाक्य म्हणायचे. हर्रास म्हणजे लिलाव. काका अडते होते. शेतकऱ्याचा माल ओट्यावर ओतायचा, व्यापाऱ्यांकडून बोली वदवायची आणि शेवटी दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावायचं, हा त्यांचा धंदा. पांढरा सदरा, खांद्यावर शेला, कपाळाला गंध आणि गळ्यात तुळशीची माळ. ती माळ दोन्ही हातांनी डोक्यावरून काढायची, डोळ्यांना लावायची आणि मग न पाहताच हात उजवीकडे लांब करायचा. तिथे रशीदभाई उभे असायचे.

रशीदभाईंचा ओटा काकांच्या ओट्याला लागून होता. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, शिवाय पालक आणि मुळे असा त्यांचा माल. शेडच्या खांबाला एक खिळा होता, पण जरा उंचावर. काका बुटके आणि रशीदभाई चांगले उंच. ते माळ घेऊन खिळ्याला अडकवायचे आणि काका घसा साफ करून ओरडायचे, "बोला, वांगे बोला!" हर्रास आटोपला की रशीदभाईच ती माळ काढून त्यांच्या हातात द्यायचे. मुसलमानाचा हात माळेला लागतो याचं बाजारात तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते काका माळ काढतात याचं.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे, माळ घेतलेल्या माणसानं माळ काढायची नसते. मटण-दारू सोडायची, खोटं सोडायचं, ते जमत नसेल तर माळच घ्यायची नाही. आणि हा गृहस्थ रोज सकाळी खोटं बोलायला माळ काढून ठेवतो! आम्ही त्यांचं नाव 'खिळ्याचे माळकरी' ठेवलं होतं. हे नाव मीच ठेवलं. मी पालक-मेथी पिकवणारा साधा शेतकरी, पण बी.ए. झालेला, त्यामुळे बाजारात नावं ठेवण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं होतं.

माल उतरवून झाला की टपरीवर चहा घेत आमचं दुसरं काम सुरू व्हायचं. कोण कसा धार्मिक याचा निवाडा. अमका शनिवार धरतो आणि शनिवारीच काटा मारतो. तमका पाच वेळा नमाज पढतो पण बहिणीला वाटा देत नाही. फलाणा सप्ताहात अन्नदान करतो आणि घरी आईला वेगळी चूल मांडून दिली आहे. दुसऱ्याच्या धर्माचं वजन करायला बसलं की आमचा हात कधी थरथरला नाही. स्वतःला पारड्यात घालायची वेळ येईपर्यंत चहा संपलेला असायचा.

पण गंमत पाहा. याच काकांच्या माळेवर सगळा बाजार चालत होता. माळ गळ्यात असताना काका खोटं बोलत नाहीत, हे पोराठोरांनाही माहीत होतं. त्यामुळे ज्याला खरं हवं असेल तो हर्रास संपल्यावर यायचा आणि ज्याला धीर हवा असेल तो हर्रासाच्या वेळीच गाठायचा. एकदा एकजण मुलीच्या लग्नाची चौकशी करायला आला. पोरगा काकांच्या ओळखीतला. माणूस घाईत होता, हर्रास चालू असतानाच त्यानं विचारलं.

"सोन्यासारखा पोरगा हाय," काका म्हणाले. "पन तू नऊ वाजता येजो."

तो नऊला आला. माळ गळ्यात. "दारू पेते," काका म्हणाले. "रोज पेते." लग्न मोडलं. मुलाच्या बापानं बाजारात येऊन काकांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. काकांनी त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या आणि त्याच बापाची भेंडी दुसऱ्या दिवशी चांगल्या भावानं विकून दिली.

दुसरी गोष्ट हसण्याची नाही. आमच्यातल्याच एका हमालाचा भाऊ सेवाग्रामला दवाखान्यात भरती होता. काका त्याला बघून आले होते. हर्रास संपला, रशीदभाईंनी खिळ्यावरून माळ काढली, काकांनी हात पुढे केला, इतक्यात तो हमाल समोर येऊन उभा राहिला. "काका, माहा भाऊ वाचंन ना?"

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. रशीदभाईंना म्हणाले, "राहू दे जरासाक." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "वाचते बाबू. कायले भेतं? वाचते तो." हमालाला बरं वाटलं आणि तो गेला. काका तसेच उघड्या गळ्यानं शेडमागे जाऊन बसले आणि बराच वेळ माळ मागायला आले नाहीत.

एकदा मी त्यांना टपरीवर छेडलं. "काका, देवाले खिळा दिसत नाई का?"

"दिसते ना," ते म्हणाले. "त्याच्यापासून लपवासाठी थोडीच काढतो? मले लाज वाटते, म्हनून काढतो. तुमी त काहीच काढत नाई, मस्त हाय तुमचं."

सगळे हसले. मीही हसलो. आता वाटतं, त्या टपरीवर लाज वाटणारा तो एकच माणूस होता.

आता जे झालं ते सांगतो. हा बाजार सेलूकडच्या भागातला आहे एवढंच पुरे, गावाचं नाव सांगायला तोंड नाही. बाजारात भाजी धुवायला एक टाकं आहे. त्या हिवाळ्यात टाक्याची मोटर जळाली. बाजार कमिटीनं आज दुरुस्त करतो, उद्या करतो करत ती तशीच ठेवली. पालक, मुळे, सांबार म्हणजे मुळाशी चिखल आलाच, आणि चिखलाची जुडी कुणी घेत नाही. मग बाजाराच्या मागच्या नालीवर लोक जुड्या बुचकळू लागले. कसलं पाणी ते, सांगत नाही. सगळे बुचकळत होते. काकांचे हमाल बुचकळत होते. मी बुचकळत होतो. लवकर जाऊन, कुणी यायच्या आत.

एका सकाळी कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात रशीदभाई होते. वाकून पालकाची जुडी धुताहेत आणि त्यांची दाढी स्वच्छ दिसते आहे. दुपारपर्यंत तो व्हिडिओ वर्ध्यापर्यंत फिरला. खाली काय काय लिहिलेलं होतं ते मी इथे उतरवत नाही. पालकाबद्दल त्यात फारसं नव्हतं. रशीदभाईंच्या धर्माबद्दल होतं. शहरातले व्यापारी यायचे थांबले.

कमिटीनं बैठक घेतली, शेडमध्येच, काकांच्या ओट्यासमोर. अध्यक्ष म्हणाले, "बाजार वाचवायचा असंन त एकाचा परश्न हाय, साऱ्यायचा नाई. रशीदचा ओटा काढून घेऊ, व्यापाऱ्यायले कळवू, विषय खतम."

रशीदभाई उभे राहिले. "मी धुतली, मी नाई म्हनत नाई. पन मी एकटाच होतो का? काकाले इचारा. त्यायचा ओटा माह्या बाजूले हाय."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. दुपारची वेळ, हर्रास कधीचा संपलेला, माळ गळ्यात. माळ गळ्यात असताना काका बोलले तर तिथे बसलेल्या प्रत्येकाचं नाव निघणार होतं आणि माझं नक्कीच निघणार होतं.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे पाहिलं. आम्ही कुणी जमिनीकडे, कुणी मोबाइलमध्ये पाहत होतो. कुणीतरी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी माळ काढली, डोळ्यांना लावली आणि सवयीनं हात उजवीकडे लांब केला.

रशीदभाईंनी ती घेतली. क्षणभर हातात धरली. मग खिळ्याला अडकवली आणि काकांच्या तोंडाकडे न पाहता आपल्या ओट्यावरचं पोतं गुंडाळायला लागले. काका बोलायच्या आधीच त्यांना उत्तर कळलं होतं. आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं.

"एकटाच होता," काका म्हणाले.

अध्यक्षांनी मान हलवली आणि विषय संपला. जो माणूस माळ काढून बोलतो म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हसलो, त्यानं आमच्यासमोर माळ काढून, मी आता खोटं बोलणार आहे असं बजावून खोटं सांगितलं आणि आम्ही ते खरं म्हणून घेतलं. त्या दिवशी कुणी 'खिळ्याचे माळकरी' म्हणालं नाही.

माळ खिळ्यावरच राहिली. काढून देणारा गेला होता आणि काकांनी दुसऱ्या कुणाला म्हटलं नाही. हर्रास करायचे, पण "थांबा गड्या" म्हणणं बंद झालं. आता काढायलाच काही नव्हतं. हर्रास आटोपल्यावर खरं विचारायला येणारी माणसंही यायची थांबली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला विचारलं, "तुही गाडी हाय ना? मले नालवाडीकडं ने एकडाव." रशीदभाई तिकडे हातठेल्यावर भाजी विकत होते. आम्ही गेलो. काका गाडीवरून उतरले आणि ठेल्यासमोर गिऱ्हाइकासारखे उभे राहिले.

"सांबार दे," एवढंच म्हणाले.

रशीदभाईंनी दिला. मग त्यांच्या गळ्याकडे बघून म्हणाले, "माळ कुठं हाय, काका?"

"तिथंच हाय. खिळ्याले."

रशीदभाई जुड्यांवर पाणी शिंपडत राहिले. स्वच्छ बादली होती, झाकण लावलेली. मग म्हणाले, "लोक ठेल्यापाशी येते, माहं नाव इचारते अन् चालले जाते. पोरीची शाळा हाय. तुमी माळ घालून कमिटीले खरं सांगा ना, काका. तुमचं माळ घालून बोललेलं आजलोक कोनी खोटं म्हटलं नाई."

काकांनी होकारार्थी मान डोलावली. मी गाडी चालू केली. मला तिथे उभं राहवत नव्हतं.

काका पावसाळ्याआधीच गेले. बाजार अर्धा दिवस बंद राहिला आणि शोकसभेत अध्यक्ष म्हणाले की असा सच्चा माळकरी पुन्हा होणे नाही. मी खाली बसून ऐकत होतो आणि मला काकांचा बाजारातला शेवटचा दिवस दिसत होता.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा खांबापाशी एक पालथा क्रेट होता आणि काकांच्या गळ्यात माळ होती. माल आला, व्यापारी गोळा झाले, तरी माळ गळ्यातच. मग काका ओट्यावर चढले.

"रशीद एकटा नोता," ते मोठ्यानं म्हणाले. "त्या नालीत आपन सारेच धुत होतो. माहे हमाल धुत होते. म्या पाह्यलं. त्याचा ओटा त्याले परत द्या."

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "काकाचं बीपी वाढलं वाट्टे." दुसरा म्हणाला, "वय झालं आता." तिसऱ्यानं त्यांच्या मुलाला फोन लावला. कुणी रागावलं नाही, कुणी भांडलं नाही. सगळ्यांना एकाएकी काकांची काळजी वाटू लागली. अध्यक्षांनी तर स्वतः खुर्ची आणली.

काका एकेकाकडे वळत होते. "अरे, माळ घातली म्या! पाहा ना. माळ घालून बोलून राह्यलो." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तू सांग. तुह्या पालकाच्या जुड्या म्या माह्या डोळ्यानं पाह्यल्या तिथं. मी खोटं बोलून राह्यलो का? सांग न बे."

सगळे माझ्याकडे बघत होते. शहरातले दोन व्यापारीही उभे होते, कितीतरी दिवसांनी परत आलेले. माझा माल त्यांच्या पायाशी पडला होता.

मी पुढे झालो, काकांचा हात धरला आणि आवाजात जमेल तेवढी माया आणून म्हटलं, "काका, तब्येत बरी नाई तुमची. चला, घरी सोडून देतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुकाट्यानं ओट्यावरून उतरले आणि माझ्या गाडीवर मागे बसले. रस्ताभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. दारापाशी उतरले, शेला सारखा केला आणि म्हणाले, "हळू जाजो, बाबू. वारा हाय."