एक सूत शिल्लक

शाळेत अपूर्णांकांनी मला फार छळलं. एखाददुसरा असता तर सांभाळून घेतला असता, पण ते पाच-सहा एकदम यायचे, प्रत्येकाचा छेद वेगळा. मग मी वैतागून वरचे सगळे वर आणि खालचे सगळे खाली मिळवून टाकायचे. पालघरची शाळा सुटली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. आणि पुढे धरलं काय, तर शिवणकाम!

लग्नानंतर आम्ही बोईसरला राहिलो, पण माझं सासर केळव्याजवळच्या माहीमचं. गेल्या वर्षी धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. लहानपणी मासे तळताना कढईतलं तेल उडून तिचा डावा हात कोपराखाली भाजला होता, त्याचा डाग कायमचा राहिला. लग्नात तिची मागणी एकच होती. शालूच्या ब्लाउजची बाही डाग झाकेल एवढी लांब हवी.

शालूचं कापड भारी, दुसरं मिळणार नाही. कात्री लावायचा मला धीर होईना, म्हणून आम्ही दोघी बाजारातल्या जुन्या शिंप्याकडे गेलो. त्याने मापं घेतली, टेप कापडावर फिरवली आणि मान हलवली. "आधा इंच कम है, भाभी. बाँह छोटी कर लो." जोड द्यावा तर जरीत उठून दिसला असता.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "राहू दे वयनी. आखूडच शिव. माज्याकडं कोन बगतंय?"

नवरीकडे कोण बघतं म्हणे! मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी इरेला पेटते. कापड तसंच घरी आणलं आणि फरशीवर पसरलं.

ब्लाउजच्या पुढच्या भागाचे छोटे तुकडे कापडाच्या कडेने बसत होते. अडत होतं ते पाठीच्या तुकड्याखाली बाही बसवण्यावर. शिंप्याने पावणेचौदाचे चौदा धरले होते, सव्वाचे दीड धरले होते. प्रत्येक माप पुढच्या अर्ध्या इंचापर्यंत ओढलं होतं. आम्ही शिवणारे सगळेच असं करतो, कापड भरपूर असलं की ते सोयीचंही पडतं. इथे मात्र त्या चिमूटचिमूट ओढण्यातच बाही गेली होती.

माझे वडील तारापूरच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या तोंडी कायम सूत असायचं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हटलं, पाव नको, पाऊण नको, सगळ्यांना सुतात आणू. पाठ पावणेचौदा, म्हणजे एकशे दहा सूत. खालची दुमड सव्वा, दहा. खांद्याला शिवणीसाठी सोडायची माया अर्धा इंच, चार. बाही चौदा इंच आणि तीन सूत, एकशे पंधरा. तिची दुमड एक इंच, आठ. वरची माया पुन्हा चार. बेरीज दोनशे एक्कावन्न.

कापड साडेएकतीस इंच. दोनशे बावन्न.

मी तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा एक सूत उरलं. शाळेत ज्याला छेद समान करणं म्हणायचे ते हेच, हे मला वयाच्या पस्तिशीत फरशीवर बसून कळलं, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. मग देवाचं नाव घेऊन कात्री चालवली.

ब्लाउज घालून नणंद आरशासमोर उभी राहिली. डाव्या हाताची बाही तिने दोनदा खाली ओढून पाहिली. डाग पुरा झाकला होता. तिने माझा हात घट्ट धरला. इतका आनंद मला कुठल्याही निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

वरातीत बेंजो वाजायला लागला तशी ती गाडीतून उतरून नाचायलाच लागली. नवरी नाचते का कुठे, म्हणून दोन-चार बायका कुजबुजल्या. मी म्हटलं, "नाचू दे." ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन नाचली, गाव बघत असताना, आणि बाही तसूभरही सरकली नाही.