मोनालीसोबत कोण पळणार?

पंधरा दिवसांपूर्वी एका रविवारी कुत्रं पाहायला अचलपूरकडे गेलो होतो. तिथं जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हटत नाही, म्हणून लिहून राहिलो... शाळा नववीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी इकडे जामनगरकडे वेल्डिंगच्या कामावर. घर तेल्हाऱ्याजवळ. आमच्या घरात बसून राहणारं कोणीच नाही. बाबा दिवसभर वावरात, आई चहासुद्धा उभ्यानंच पिते, आणि मी एका साईटवर टिकलो तर मित्र पार्टी मागतात. लहान बहीण मोनाली पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रोडनं पळते.

पळत होती, असं म्हणायला पाहिजे. एक मोटारसायकल दोनदा तिच्या मागंमागं आली आणि बाबांनी तिचं पळणंच बंद केलं. भरतीचं ग्राउंड तोंडावर... आणि ही अंगणात दोरीवरच्या उड्या मारत बसली. फोनवर रडली नाही, फक्त म्हणाली, "दादा, माये पाय पळनं विसरून जातीन रे."

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, सोबतीला कोणी असेल तर माझी ना नाही. पण सोबतीला कोण येणार? आईचे गुडघे दुखतात, बाबांना वावर सुटत नाही, आणि मी इथं. मग डोक्यात आलं... कुत्रं आणू. चांगलं, तिच्याबरोबर पळणारं.

झालं, जेवणाच्या सुट्टीत नुसते कुत्र्यांचे व्हिडिओ. निळ्या डोळ्यांची हस्की पाहिली आणि मी फिदाच झालो. अमरावतीच्या एका दुकानवाल्याला फोन लावला, तर तो म्हणे उन्हाळ्यात याला एसी लागतो. अकोल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.

मोनालीला सांगितलं तर म्हणाली, "मंग तुयं कुत्रं एसीत झोपीन, अन् रोडवर मी एकटीच काय?"

शेवटी गावातल्या एकानं अचलपूरजवळच्या एका काकांचं नाव सांगितलं. ते कारवान पाळतात. आपल्याच मुलखातलं शिकारी कुत्रं, लांब पायांचं, ऊन सोसणारं. फोटो पाहून मला तर ते उपाशीच वाटलं. तरी आठ-दहा दिवसांची सुट्टी काढून घरी आलो, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ गाडीवर अकोट, अंजनगाव करत काकांच्या वावरात पोचलो.

काकांनी पाणी दिलं, पण पिल्लं दाखवलीच नाहीत. त्यांची रीत वेगळी. घरात रोज पळणारं माणूस कोण, ते आधी पाहणार, मगच कुत्रं देणार. म्हणे, ही जात बांधून ठेवली की खंगते नाहीतर घर फाडून ठेवते. लोक हौसेनं नेतात आणि खांबाला बांधतात, म्हणून त्यांनी दोन वेळा दिलेली पिल्लं परत आणली होती.

मी छाती काढून म्हटलं, मी पळवीन ना. काका हसले. "तू त आठ दिवसांत चालला, बाप्पा. तुयाच पायाचा भरोसा नाही."

 मोनालीनं चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि विचारलं, "कुठलोक पळू?"

कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं काळं वावर. काकांनी पलीकडच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कडुनिंब दाखवला आणि एक तांबूस कुत्री सोडली. तिचं नाव हरणी.

मोनाली निघाली. हरणी आधी नुसती पाहत उभी राहिली... आणि मग सुटली. काय सांगू तुम्हाला! चारही पाय एकदम हवेत, जमिनीला लागतात की नाही तेच कळेना. आवाज नाही, धूळसुद्धा मागून उडाली. मी आजवर क्रेन पाहिली, जहाजं पाहिली, असं काही पाहिलं नव्हतं.

वाटलं, आता ही पोरीला सोडून निंबाच्याही पार जाणार. पण मोनालीजवळ पोचली आणि तिनं आपली ढांग आखूड केली. पुढं नाही, मागं नाही... तिच्या गुडघ्याशी गुडघा लावून पळायला लागली. आणि मग माझं लक्ष बहिणीकडं गेलं. ढेकळांतून, अनवाणी, मान सरळ, एकसारखी चाल. तिला असं पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं. 

निंबाला वळसा घालून दोघी परत आल्या.  काकांनी मोनालीला विचारलं, भरती केव्हा आहे. तिनं सांगितलं, दोन-तीन महिन्यांत.

"मंग पिल्लू काय कामाचं? ते मोठं होईलोक तुयी भरती निंगून जाईन." काकांनी हरणीच्या मानेवरून हात फिरवला. "हे मी मायासाठी ठेवली होती, कोनालेच देनार नोतो. ने इले."

मोनालीनं खाली बसून हरणीला जवळ घेतलं. 

गाडीवर ती कशी येणार? दुसऱ्या दिवशी काका स्वतः एका संत्र्याच्या पिकअपमध्ये तिला घेऊन आले. नवीन जागा आहे म्हणून पहिले काही दिवस लांब दोरी हातात धरूनच पळायचं, हे मोनालीला पुन्हा पुन्हा समजावलं. हरणी भाकर खाईपर्यंत आमच्या ओट्यावरून हलले नाहीत. जाताना मात्र मागं वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मोनालीनं बूट बांधले. बाबा फाटकात उभे. त्यांनी हरणीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि फाटक उघडलं. "जाय. मी इथंच आहो." धुक्यात दोघी दिसेनाशा झाल्या, तरी बाबा तिथंच उभे होते.

मी परत कामावर आलो आहे. भरतीचं काय होईल ते होईल... पण आपल्यासाठी राखून ठेवलेलं जनावर एका अनोळखी पोरीला देऊन टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. काका मोबाईल वापरत नाहीत. अचलपूरकडचं कोणी हे वाचत असेल आणि काकांना ओळखत असेल, तर त्यांना एवढं सांगा... हरणी रोज पळते आहे.