झबल्याची उजवी बाही

छप्पन साली नवं राज्य झालं तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. त्या दिवशी दहा पौंडांचं बाळ जन्मलं, म्हणून वॉर्डात माव्याची जिलेबी वाटणं चाललं होतं. पाकाने चिकट झालेल्या हातांनी बाळाची आजी त्याला दंडांना धरून उचलून दाखवत होती. "देखो, आमचा पहलवान!" मला किळस आली.

एवढ्या मोठ्या बाळाचे खांदे जन्मताना अडकू शकतात, म्हणून हाडं तपासायची असतात. मोठ्या सिस्टरने न बघताच कागदावर 'ठीक' लिहिलं होतं. तिच्याही तोंडात जिलेबी होती.

बाळ रडत होतं, पण उजवा हात हलत नव्हता. मी ते आजीकडून घेऊन गळ्याजवळच्या हाडावर बोट ठेवलं. आत करकरलं.

"सिस्टर, हाड मोडलंय," मी पुटपुटले.

"काय म्हणते कॉन्व्हेंटवाली? जरा जोर से बोल की!" मोठी सिस्टर म्हणाली. मी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली, म्हणून ती मला असं चिडवायची.

वॉर्डातल्या सगळ्या हसल्या. आजीने पुन्हा हात पुढे केले. मी बाळ दिलं नाही. हात हलू नये म्हणून एप्रनची पिन काढून त्याची उजवी बाही झबल्याला छातीवर टाचली.

"डॉक्टर येईपर्यंत याला कुणी उचलायचं नाही."

या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्याच्या दंडावरचा पाक मी ओल्या कापसाने पुसत बसले.